10 मीटर एअर रायफलची पेलेट: कोणता डबा आपल्या बॅरलचा, हे मोजून कसं ठरवायचं

दोन डब्यांतली पेलेट (एअर रायफलचे शिशाचे छोटे छर्रे) एकाच रायफलमधून वेगवेगळी लागतात, हे 10 मीटरवर वर्षभर घाम गाळलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. किती वेगळी, आणि त्यातला फरक पेलेटचा किती नि आपला किती, हे मात्र फार थोडे जण मोजतात. सीनियर सांगतो, दुकानदार सांगतो, कोणीतरी पाच शॉटच्या ग्रुपचा, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटच्या पुंजक्याचा, फोटो पाठवतो, आणि डबे घेतले जातात. खाली दिलंय ते मोजायचं कसं, आणि मोजून आलेल्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवायचा.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. रायफल-पिस्तुलाची काडतुसं घरी भरून तपासण्याचा छंद अमेरिकेत सर्रास चालतो. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळे तो विषय इथे संपला. शिवाय .22 रिमफायरचं काडतूस पुन्हा भरण्याजोगं नसतंच, कारण पेटवणारं मिश्रण तळाच्या कडेत भरलेलं असतं आणि घोडा ती कडाच चेपतो. म्हणून ऑलिंपिक प्रकारांत खेळणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट उरते: तयार मालातून आपल्या बॅरलला मानवणारा लॉट, म्हणजे एका वेळी बनलेला माल, शोधून काढणं.

चाचणीची गरज नक्की कोणाला

10 मीटर रायफलच्या टार्गेटवर 10 चं वर्तुळ 0.5 मि.मी. व्यासाचं असतं, 9 चं 5.5 मि.मी. आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ 5 मि.मी.ने मोठं. पेलेट 4.5 मि.मी.चं आणि गुण त्याच्या कडेवरून मोजतात. म्हणून पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून 2.5 मि.मी.च्या आत पडला की किमान 10.0 मिळतो आणि 0.25 मि.मी.च्या आत पडला की 10.9. पुढचा सगळा हिशोब यावरच उभा आहे: 0.25 मि.मी. म्हणजे एक दशांश गुण.

आता रायफल आणि पेलेट निर्दोष आहेत असं धरू आणि फक्त नेमबाजाचा विखुरलेपणा बघू. आडव्या आणि उभ्या दिशेने प्रत्येकी 1 मि.मी. प्रमाण विचलन (शॉट मध्यापासून साधारण किती पसरतात त्याचं माप) असलेला नेमबाज 60 शॉटमध्ये साधारण 627 मारेल. विचलन 2.5 मि.मी. असेल तर 582 च्या आसपास. यात पेलेटचा विखुरलेपणा मिसळला की काय होतं?

क्लॅम्पमध्ये, म्हणजे रायफल पक्क्या पकडीत बांधून, 10 शॉटचा ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत सरासरी 5.5 मि.मी. देणारं पेलेट 627 वाल्याचा जेमतेम 1 गुण खातं. ग्रुप 5.8 चा झाला तर 1.7 गुण जातात. 6.8 चा झाला तर पूर्ण 5 गुण, म्हणजे फायनलच्या आठ जणांत असणं आणि नसणं. तेच 6.8 वालं पेलेट 582 वाल्याचे दोनच गुण खातं, आणि त्याने सर्वांत चांगलं पेलेट शोधून काढलं तरी त्याची कमाई पावणेदोन गुणांच्या वर जात नाही. तेवढं त्याला आठवडाभर ट्रिगर नीट दाबायला शिकून मिळेल.

थोडक्यात, 610 च्या खाली असाल तर 0.53 ग्रॅमचं कुठलंही नावाजलेलं मॅच पेलेट, 4.50 हेडचं (हेड म्हणजे पेलेटच्या डोक्याचा व्यास, मि.मी.मध्ये), घ्या आणि सराव करा. इथून पुढचं 615 च्या वर खेळणाऱ्यांसाठी आहे, आणि खेळाडूंच्या नावे डबे मागवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी.

उमेदवार कोणते

मॅचसाठी चपट्या डोक्याचं पेलेट लागतं. ते कार्डाला गोल, स्वच्छ भोक पाडतं. टोकदार किंवा गोल डोक्याचं पेलेट कागद फाडतं आणि मोजणीचा बोजवारा उडतो. रायफलसाठी नेहमीचं वजन 0.53 ग्रॅमच्या आसपास, पिस्तुलासाठी 0.45 ते 0.49. आरडब्ल्यूएसचं आर 10, एच अँड एनचं फिनाले मॅच, जेएसबीचं मॅच आणि चीनचं चियांग युआन ही नावं आपल्या रेंजवर नेहमी ऐकू येतात. नावापेक्षा डब्यावरचे दोन आकडे महत्त्वाचे: हेडचा व्यास (4.49, 4.50, 4.51 वगैरे) आणि लॉट क्रमांक.

हेडचा व्यास म्हणजे पेलेटचं डोकं बॅरलच्या आट्यांवर (आतल्या पीळदार खाचांवर) किती घट्ट बसतं ते. मागचा पातळ घेर, म्हणजे स्कर्ट, हवेच्या दाबाने फुगतो आणि हवा अडवतो. डोकं आट्यांवर नीट टेकलं तरच पेलेट सरळ निघतं. बॅरल कितव्या व्यासाचं आहे हे कंपनीच्या कागदावर वाचून फार काही कळत नाही; एकाच मॉडेलच्या दोन रायफली वेगळं हेड मागतात. म्हणून मैत्रिणीच्या रायफलला 4.49 मानवलं याचा तुमच्या रायफलशी काही संबंध नाही.

लॉट तर त्याहून नाजूक. तोच ब्रँड, तेच हेड, पण साचा बदलला किंवा झिजला की पेलेट बदलतं. नाव बघून पुन्हा मागवलेला डबा हा चाचणी न केलेला डबा समजावा. त्यामुळे चाचणीला बसण्यापूर्वीच विक्रेत्याला विचारा: या लॉटचे आणखी किती डबे आहेत? तीनच उरले असतील तर त्या लॉटवर पेलेट खर्चू नका.

सुरुवातीला सहा ते आठ उमेदवार पुरेत: दोन ब्रँड, प्रत्येकी तीन-चार हेड किंवा लॉट. वीस प्रकार गोळा करणाऱ्याला शेवटी सर्वांत नशीबवान डबा सापडतो, सर्वांत चांगला नाही. याचं कारण पुढे येईल.

वजन करत बसायचं का?

हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आकड्यांनीच उत्तर देऊ. सुमारे 170 मीटर प्रति सेकंद वेगाने सुटलेलं पेलेट 10 मीटरला पोहोचेपर्यंत 17 ते 18 मि.मी. खाली येतं. वेग 1 मीटर प्रति सेकंदाने बदलला तर शॉट साधारण 0.2 मि.मी. वर-खाली होतो. पेलेट 5 मिलीग्रॅमने जड असेल तर वेग अर्ध्या टक्क्याने कमी होतो, आणि फरक पडतो 0.18 मि.मी.चा. चांगल्या मॅच डब्यात पेलेटांतला फरक बहुधा याहून बराच कमी असतो. एक मिलीग्रॅमचा फरक 0.03 मि.मी., म्हणजे नगण्य.

तेव्हा मिलीग्रॅम दाखवणारा काटा असेल तर प्रत्येक डब्यातली 20 पेलेट मोजा, फक्त तो डबा एकसारखा आहे का हे बघायला. सगळ्यात हलकं आणि सगळ्यात जड यांच्यात 8-10 मिलीग्रॅमचं अंतर दिसलं तर डबा बाजूला. पाचशेच्या पाचशे मोजून मिलीग्रॅमप्रमाणे ढीग लावणं हा पावसाळ्यात वेळ घालवायचा उद्योग आहे.

डोळ्यांनी तपासणं मात्र सोडू नका. पेलेट काचेवर उभं ठेवा. स्कर्ट चेपलेला असेल तर ते कलतं. मग आडवं करून हळूच लोटा; नीट पेलेट एकसारखं वळतं, चेपलेलं अडखळतं. स्कर्टच्या आत शिशाचा कण चिकटलेला असेल, कडेला फुगवटा असेल, डोक्यावर ओरखडा असेल, तर ते सरावाच्या डब्यात. फेकलेले, म्हणजे ग्रुपपासून एकटेच दूर जाणारे, शॉट बहुतेक वेळा इथून येतात. पत्र्याच्या डब्यात सुटी भरलेली पेलेट कुरियरमध्ये एकमेकांवर आपटतात. फोमच्या ट्रेमध्ये एकेक खाचेत बसवलेली महाग पडतात, पण चेपलेली फार कमी निघतात.

पेलेट धुऊन तेल लावण्याचा सल्ला 25-50 मीटर खेळणाऱ्या एअरगनवाल्यांकडून येतो. मॅच पेलेटवर कंपनीनेच पातळ थर दिलेला असतो. तो धुतला की शिसं लवकर पांढरं पडतं, आणि हाताने लावलेलं तेल प्रत्येक पेलेटवर वेगळं बसतं. 10 मीटरसाठी याच्या वाटेला जाऊ नये.

रायफल बांधणं

चाचणी क्लॅम्पमध्ये करावी. रायफलचा स्टॉक काढून बॅरल-ॲक्शन पकडणारा क्लॅम्प सर्वांत चांगला. काही अकादम्यांकडे आणि रायफल कंपन्यांच्या सर्व्हिस मेकॅनिककडे असतो. क्लॅम्प ज्या टेबलाला बोल्टने लावला आहे ते टेबल जमिनीला जखडलेलं हवं, किंवा त्यावर पन्नासेक किलोच्या वाळूच्या पिशव्या हव्यात. पकड ॲक्शनवर असावी, बॅरलच्या टोकाकडे नको. बॅरल स्लीव्ह (बॅरलवर चढवलेली नळी) आणि वजनं स्पर्धेत जशी असतात तशीच ठेवा आणि त्यांचे स्क्रू आधी तपासून घ्या. सैल स्लीव्हवर अख्खी चाचणी वाया जाते आणि दोष पेलेटला मिळतो.

ट्रिगर ओढू नका. अंगठा ट्रिगर-गार्डच्या मागच्या बाजूला आणि तर्जनी ट्रिगरवर ठेवून चिमटीसारखं दाबा, म्हणजे ताकद रायफलमध्येच जिरते. लोड करताना बोल्ट किंवा लिव्हर प्रत्येक वेळी सारख्याच जोराने बंद करा. साईट (नेम धरायची यंत्रणा) लागत नाही. ग्रुप टार्गेटच्या मध्यावर पडायची गरज नाही, फक्त कार्डावर पडायला हवा.

क्लॅम्प नसेल तर? प्रोन पोझिशनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, हाताला स्लिंगचा पट्टा लावून, पुढे पक्का आधार घेऊन मारता येतं. तुमचा स्वतःचा विखुरलेपणा त्यात मिसळणार, त्यामुळे दुप्पट-तिप्पट शॉट लागतील आणि अगदी वाईट पेलेट तेवढं ओळखू येईल. चांगल्या दोनांतून निवड होणार नाही. अशा वेळी दुसऱ्या कोणाला तरी पेलेट भरून द्यायला सांगा आणि कुठला डबा आहे हे स्वतःला कळू देऊ नका. महागडं पेलेट हातात आहे हे माहीत असलं की माणूस ट्रिगरही जपून दाबतो.

रायफलच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघा. मुदत संपलेला सिलिंडर भरायचा नाही, क्लॅम्पमध्ये तर नाहीच. 200 बारच्या सिलिंडरसाठी चाचणीचे सगळे शॉट 180 ते 100 बारच्या दरम्यान उरका. खाली गेलात की भरून घ्या. भरल्यावर सिलिंडर कोमट होतो, दहा मिनिटं थांबा.

पेलेट अडवणारा ट्रॅप लोखंडाच्या तिरक्या पत्र्याचा हवा. लाकडी फळीवरून चपटं पेलेट परत उसळतं. क्लॅम्पजवळ बसणाऱ्यालाही चष्मा सक्तीचा.

मारायचा क्रम

पहिल्यांदा बॅरल साफ. ब्रीचकडून (पेलेट भरायच्या टोकाकडून) मझलकडे (पेलेट बाहेर पडतं त्या टोकाकडे) केबलने दोन-तीन कोरडे फेल्टचे बोळे ओढा. साफ बॅरल लगेच नीट मारत नाही. आट्यांवर शिशाचा पातळ थर बसावा लागतो. त्यासाठी 15-20 शॉट न मोजता मारा. ब्रँड बदलला की पुन्हा तेच, कारण प्रत्येक कंपनीचा मिश्रधातू आणि वरचा थर वेगळा: 10 ते 15 शॉट वाया घालवायचेच. एकाच ब्रँडमध्ये फक्त हेड बदललं असेल तर 5 पुरतात. चाचण्या फसण्याचं सर्वांत मोठं कारण हे आहे. लोक डबा बदलून लगेच पाच शॉट मारतात आणि आधीच्या पेलेटच्या थरावर नव्याची परीक्षा घेतात.

पहिली फेरी: प्रत्येक उमेदवाराचे 10 शॉटचे दोन ग्रुप. आठ उमेदवार असतील तर स्थिरावण्याचे शॉट धरून 280 च्या आसपास पेलेट जातील. इथून सर्वांत वाईट पाच काढून टाका. हे सोपं असतं. वाईट पेलेट लपत नाही.

दुसरी फेरी: उरलेल्या तिघांचे 10 शॉटचे प्रत्येकी पाच ग्रुप, पण एका डब्याचे सलग पाच नाहीत. क्रम असा लावा: अ ब क, क ब अ, अ ब क, क ब अ, अ ब क. तास-दीड तासात खोलीचं तापमान, सिलिंडर, बॅरल, भरणाऱ्याचा हात, सगळं थोडं थोडं सरकत जातं. उलटसुलट क्रमाने ते तिघांवर सारखं वाटलं जातं. दर वेळी 5 ते 15 शॉट स्थिरावायला. आणखी 300 पेलेट गेली. खर्च वाटेल, पण चुकीच्या लॉटचे दहा डबे यापेक्षा महाग पडतात.

पहिल्या फेरीचे आकडे दुसरीत मिळवू नका. आठांतून जो पुढे आला तो थोडा चांगला म्हणून आणि थोडा नशिबाने आला. ते नशीब पुन्हा मोजलं तर निकाल त्याच्याकडे झुकतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा ग्रुप जवळजवळ नेहमीच थोडा मोठा येतो. पेलेट बिघडलेलं नसतं, आधीचा आकडा नशिबाने लहान आलेला असतो. वीस प्रकार तपासू नका म्हटलं ते याचसाठी.

मोजणी

कार्ड कोरडं आणि ताठ हवं. जून ते सप्टेंबरमध्ये कोकणात, अगदी पुण्यातही, कार्ड दमट होतं आणि भोकाची कड केसाळ येते. पाकिटात सिलिका जेल टाकून ठेवलेली कार्डं वापरा. मागे साधा पुठ्ठा लावला की कड आणखी स्वच्छ कापली जाते.

कॅलिपरने ग्रुपच्या बाहेरच्या दोन सर्वांत लांबच्या कडा मोजा. त्यातून 4.5 वजा केले की मध्य ते मध्य अंतर मिळतं. 5.6 मोजलात तर 1.1. ज्याच्याशी बोलताय तो बाहेरून सांगतोय की मध्य ते मध्य, हे आधी विचारून घ्या. रेंजवरची निम्मी भांडणं इथलीच.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट मिळत असेल तर काम अधिक चांगलं होतं. कागदावर दहा शॉट एकाच भोकात गेले की आतले आठ कुठे गेले ते दिसत नाही, मोजले जातात फक्त बाहेरचे दोन. टार्गेटची यंत्रणा प्रत्येक शॉटचे आडवे-उभे आकडे देते. ते स्प्रेडशीटमध्ये भरा, दहा शॉटचा मध्य काढा, प्रत्येक शॉटचं त्या मध्यापासूनचं अंतर काढा आणि त्या अंतरांची सरासरी घ्या. ही सरासरी त्रिज्या दहाही शॉट वापरते, त्यामुळे तेवढ्याच पेलेटांत जास्त सांगते. तिला 1.25 ने भागून 1.05 ने गुणलं की एका दिशेचं प्रमाण विचलन मिळतं. कागदावरून काढायचं असेल तर 10 शॉटच्या ग्रुपांची मध्य-ते-मध्य सरासरी 3.8 ने भागा.

पाच शॉटवर भरवसा का नको, तेही बघा. पेलेट, रायफल, हवा, सगळं तेच ठेवून पुन्हा पुन्हा पाच शॉटचे ग्रुप मारले तर त्यांच्या आकारात सरासरीच्या पाव भागाहून थोडा जास्तच चढउतार नुसत्या योगायोगाने होतो. सरासरी 1.2 मि.मी. असलेलं पेलेट आज 0.9 देईल आणि उद्या 1.5. दहा शॉटच्या ग्रुपात हा चढउतार साधारण पाचव्या भागावर येतो, आणि तसे पाच ग्रुप घेतले की त्यांच्या सरासरीत आठ-नऊ टक्क्यांवर. याचा व्यवहारातला अर्थ असा: दुसऱ्या फेरीच्या शेवटी दोन पेलेटांची मध्य-ते-मध्य सरासरी 1.1 आणि 1.2 आली, तर ती सारखीच आहेत. ज्याचे डबे जास्त मिळतायत ते घ्या. 1.1 आणि 1.6 आली तर फरक खरा आहे. आणि फोनवर आलेला पाच शॉटचा सुंदर ग्रुप बघून दाद द्या, डबा मागवू नका.

ग्रुपची लक्षणं

ग्रुप गोल आणि लहान असेल तर वाचायला काही नाही. बिघाड असेल तर आकार बोलतो.

उभा, लांबट ग्रुप म्हणजे वेग हलतोय. क्रोनोग्राफ (वेग मोजणारं यंत्र) लावा आणि 20 शॉट मोजा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातलं अंतर 3 मीटर प्रति सेकंदाच्या आत हवं. त्याहून जास्त असेल आणि सगळ्याच पेलेटांना होत असेल, तर दोष रेग्युलेटरचा (हवेचा दाब एकसारखा ठेवणाऱ्या भागाचा) किंवा व्हॉल्व्हचा. खास खूण: दोन-तीन मिनिटं थांबल्यावरचा पहिला शॉट वेगळ्या वेगाचा आणि वर लागतो, पुढचे जागेवर. रेग्युलेटर नीट बंद होत नाही आणि थांबलेल्या वेळात दाब हळूहळू चढतो. स्पर्धेत दीर्घ श्वास घेऊन पुन्हा पोझिशन घेणाऱ्याला हा दोष नेमका महागात पडतो, आणि तो स्वतःच्या मनालाच बोल लावत राहतो. रायफल सर्व्हिसला द्या. घरी रेग्युलेटर उघडू नका. आत दाबाची हवा असते.

आडवा, लांबट ग्रुप क्लॅम्पमध्ये आला तर क्लॅम्प किंवा टेबल सरकतंय. पेन्सिलने क्लॅम्पच्या जबड्याशी रेघ मारा. दहा शॉटनंतर रेघ हलली की उत्तर मिळालं.

दोन वेगळे पुंजके दिसले तर बॅरल स्लीव्ह, वजन किंवा स्टॉकचा स्क्रू दोन जागांवर बसतोय.

नऊ शॉट एका भोकात आणि एक बाहेर: एकदाच झालं तर बहुधा चेपलेलं पेलेट किंवा वाकडं भरलेलं. तोच शॉट मोजणीतून काढून टाकायचा मोह आवरा. स्पर्धेत तो मोजला जाणार आहे, तसा इथेही मोजा. दर दुसऱ्या ग्रुपात होत असेल तर मझलची कड, म्हणजे क्राऊन, भिंगाखाली बघा. त्यावर ओरखडा किंवा साचलेलं शिसं असलं तर एकही पेलेट नीट लागणार नाही.

आणि सगळीच पेलेट सारखीच वाईट लागत असतील तर पेलेट बदलत बसू नका. बॅरल साफ करून क्लॅम्प तपासून पुन्हा मारा.

पिस्तुलवाल्यांसाठी

10 मीटर पिस्तुलाचं 10 चं वर्तुळ 11.5 मि.मी.चं. पेलेटची कड धरली तर मध्य 8 मि.मी.पर्यंत सरकला तरी 10 लागतो, आणि पात्रता फेरीत दशांश मोजत नाहीत. पेलेटचा एक मि.मी. इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही. दोन-तीन डब्यांची पहिली फेरी मारा, 7 मि.मी.च्या आत ग्रुप देणारं कुठलंही हलकं पेलेट ठेवा आणि उरलेला वेळ ड्राय फायरिंगला, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगरच्या सरावाला, द्या.

50 मीटर आणि .22

इथे खेळ बदलतो. पॅरिसला 2024 मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 451.4 गुणांवर कांस्य घेतलं ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचा प्रकार). या प्रकारात 10 चं वर्तुळ 10.4 मि.मी.चं आणि एक दशांश म्हणजे 0.8 मि.मी. मॅचची .22 गोळी 2.6 ग्रॅमची, वेग आवाजाच्या खाली, साधारण 320-330 मीटर प्रति सेकंद. 50 मीटरवर ती 12 सेंटिमीटरच्या आसपास खाली येते, आणि वेग एक टक्का बदलला की शॉट अडीच मि.मी. सरकतो: तीन दशांश. 10 मीटरवर किरकोळ असलेला वेगाचा फरक इथे मुख्य होऊन बसतो.

पद्धत तीच, क्लॅम्प तोच, पण ती घरी होत नाही. परवाना, मंजूर रेंज, काडतुसांचा हिशोब, सगळं आलं. वरच्या पातळीवरचे नेमबाज रायफल घेऊन काडतुसं बनवणाऱ्या एलीच्या बर्मिंगहॅमच्या किंवा लापुआच्या जर्मनीतल्या श्योनेबेक इथल्या चाचणी बोगद्यात जातात, तिथे बॅरल-ॲक्शन बांधून एकामागून एक लॉट मारले जातात आणि मानवलेला लॉट तिथेच बाजूला ठेवला जातो. जाणार असाल तर बॅरल घरून साफ करून न्या, आधी कुठला लॉट चालत होता त्याची काही काडतुसं तुलनेला मिळतील का विचारा, आणि एका लॉटचे निदान 40 शॉट झाल्याशिवाय हो म्हणू नका. मध्य ते मध्य 10 ते 12 मि.मी.चे दहा-शॉट ग्रुप सातत्याने येत असतील तर लॉट चांगला. ब्रँड बदलल्यावर स्थिरावण्याचे शॉट इथेही लागतात, मेण आणि चरबीचा थर प्रत्येकाचा वेगळा.

किती घ्यायचं, कसं ठेवायचं

एका स्पर्धेला 60 शॉट आणि साईटर्स (आधीचे न मोजले जाणारे शॉट) मिळून 85 ते 100 पेलेट. वर्षात दहा स्पर्धा धरल्या तर दोन डबे. शेवटच्या पंधरा दिवसांचा सरावही त्याच लॉटने करायचा असेल तर रोज 80 प्रमाणे प्रत्येक स्पर्धेमागे आणखी 1200 लागतील. सगळ्याच स्पर्धांना एवढं करू नका, दोन-तीन मोठ्या निवडा. म्हणजे आठ-दहा डबे एका लॉटचे घेऊन ठेवायचे. रोजच्या सरावाला त्याच कंपनीचं स्वस्त पेलेट चालतं, फक्त स्पर्धेआधी बदलल्यावर साईट पुन्हा लावावी लागते आणि बॅरलला स्थिरावायचे शॉट द्यावे लागतात.

डब्यावर पेनाने लॉट, हेड, चाचणीची तारीख आणि सरासरी ग्रुप लिहा. डबे हवाबंद प्लास्टिकच्या पेटीत, सिलिका जेलसह, कपाटाच्या खालच्या फळीवर. शिशावर पांढरी भुकटी दिसली तर ते पेलेट गेलं. पुसून वापरू नका, ती भुकटी विषारी असते आणि बॅरलमध्येही जाते. वर्षाने त्याच लॉटचे दोन ग्रुप मारून बघा. मोठे आले तर आधी बॅरल साफ करा, मग पेलेटवर संशय घ्या.

पेलेट तोंडात धरून भरायची सवय लहान मुलांना फार लवकर लागते. ती पहिल्याच दिवशी मोडा. चाचणीच्या दिवशी पाच-सहाशे पेलेट बोटांतून जातात. मध्ये चहा-वडापाव घ्यायचा असेल तर आधी साबणाने हात धुवायचे, नुसत्या पाण्याने नाही. ट्रॅपजवळची धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. ट्रॅपमधलं शिसं साठवून भंगारवाल्याला देता येतं, पण ते घरात वितळवायच्या फंदात पडू नये.